कोरी पट्टी

सकाळी समोरच्या बाई दारावर थापा मारत होत्या तेव्हा नाकसाहेब स्वयंपाकघरातच बसले होते, शेगडीपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत. दूध उतू जाऊन शेगडी कधीच विझली होती आणि गॅस सुटला तो सुटलाच होता. जिन्यात वास, समोरच्या घरात वास, वरच्या मजल्यावरसुद्धा वास, आणि ज्यांच्या नाकाखाली हे सगळं चाललं होतं ते मात्र शब्दकोड्यातल्या एका आडव्या शब्दाशी झटत होते. बाई आत शिरल्या त्या नाक दाबूनच. त्यांनी शेगडीचं बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या आणि मग वळून विचारलं, "अहो, तुम्हाला वास आला नाही?" दुसऱ्या कुणाला विचारला असता तर हा प्रश्न साधा होता. नाकसाहेबांनी, सर्दी झालीय जरा, असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. बाईंनी मान डोलावली, पण त्यांच्या नजरेत शंका होती, आणि आपल्या लेकीचा फोन नंबर बाईंकडे आहे हे नाकसाहेबांना ठाऊक होतं.

नाकसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. साबणाच्या कारखान्यात सगळी नोकरी गेली ती साबणाच्या प्रत्येक घाण्याचा वास घेऊन हा पास, हा नापास असं ठरवण्यात. मालक बदलले, यंत्रं बदलली, पण हे नाक तिथंच राहिलं. मजूर गमतीनं नाकसाहेब म्हणायचे, मग कारकून म्हणू लागले, मग तेच नाव घरापर्यंत येऊन दारावरच्या पाटीसारखं चिकटलं. समोर कागदाच्या अरुंद पट्ट्या असायच्या, सुगंधी तेलात टोक बुडवलेल्या. एक हुंगायची, बाजूला ठेवायची, मग स्वतःच्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसून एक श्वास घ्यायचा. माणसाला स्वतःचा वास येत नाही, त्यामुळे नाक पुन्हा कोरं होतं. मग दुसरी पट्टी. नवा उमेदवार परीक्षेला आला की त्या पट्ट्यांमध्ये ते एक कोरी पट्टी सरकवून द्यायचे, कशातच न बुडवलेली. उमेदवार ती हुंगायचा, डोळे मिटायचा, भुवया जवळ आणायचा आणि म्हणायचा, जरासा लिंबासारखा येतोय. झालं, आटोपला कारभार. ज्याला वास ओळखता येत नाही त्याला शिकवता येतं, पण नसलेला वास ज्याला येतो त्याचं काही करता येत नाही, असं सांगून ते त्याला चहा पाजायचे आणि घरी पाठवायचे. चहा पाजायचे हे मात्र खरं. माणूस अगदीच दुष्ट नव्हता.

लेकीचा फोन आलाच. आधी ती रागावली, मग रडवेली झाली, मग एकदम ऑफिसात बोलतात तशी बोलायला लागली. दुपारी येते म्हणाली. आणि नुसतं सर्दीबिर्दी सांगू नका, मी डोळे बांधून बघणार आहे. तिला लहानपणी हा खेळ त्यांनीच शिकवला होता. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि एकेक वस्तू नाकाखाली धरायची, चहाची पूड, पेन्सिलीचा भुसा, आईची पावडर. आता खेळ उलटा होणार होता. वास आला नाही तर घर भाड्यानं द्यायचं आणि त्यांनी तिच्याकडे जायचं, हे पत्नी गेली तेव्हापासून ती म्हणतच होती. आज फक्त निमित्त सापडलं. तिच्याकडे म्हणजे नातीच्या खोलीत, नातीच्या टेबलाच्या आणि खिडकीच्या मधल्या पलंगावर, नातीनं न बोलता सहन केलेले आजोबा होऊन. लेकीचं चुकत होतं असंही नाही, तीही दमलेली होती. पण हे घर त्यांना सुटत नव्हतं. इथं बटणं कुठं आहेत हे अंधारात हाताला ठाऊक होतं, कपाटाचं दार कुठल्या कोपऱ्यावर फरशीला घासतं ते कानाला ठाऊक होतं, आणि एवढ्या ठाऊक असलेल्या गोष्टी सोडून पुन्हा पहिलीपासून शिकायची ताकद आता त्यांच्यात नव्हती. एवढंच खरं कारण. बाकी आठवणी वगैरे लोक उगाच म्हणतात.

वास गेला होता तो पत्नी गेल्यानंतरच्या थंडीत, एका साध्या पडशात. पडसं उतरलं, वास परत आला नाही. आधी त्यांना वाटलं चार दिवसांत येईल. मग ते गुपचूप एकेक वस्तू हुंगत घरभर फिरले. कापूस, बूटपॉलिश, मिरी, शेवटी तिचं कपाट उघडून तिच्या कपड्यांमध्ये तोंड घालून उभे राहिले. काहीच नाही. जेवण कागद चावल्यासारखं लागायचं. डॉक्टरकडे गेले नाहीत, कारण डॉक्टरनं विचारलं असतं धंदा काय करत होता, आणि ते सांगताना नाक मुठीत धरून बसावं लागलं असतं. कुणालाच सांगितलं नाही. हे एक इंद्रिय असं आहे की गेलं तरी काठी घ्यावी लागत नाही. लोकांनी घरात शिरून वा, काय मस्त वास येतोय म्हटलं की आपणही छान म्हणायचं, बस्स.

लेक यायला अवकाश होता. त्यांनी आज स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. साबण, कॉफी यांचं काही खरं नव्हतं. जिथं वास घ्यावा लागत नाही, तो अंगावर येतो, अशा जागी जायला हवं होतं. तशी एकच जागा त्यांना माहीत होती आणि आयुष्यात तिथं त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. मासळी बाजार. त्या नुसत्या शब्दानं त्यांच्या नाकाला पूर्वी मिरच्या झोंबायच्या. पत्नीचं माहेर खाणारं, यांचं घर न खाणारं. लग्न ठरतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं, घरात मासे शिजणार नाहीत, माझ्या नाकाचा प्रश्न आहे, माझं पोट त्यावर आहे. तिनं कबूल केलं. तिची थोरली बहीण बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायची. दर रविवारी पत्नी पिशवी घेऊन निघायची, बाजारातून मासे घ्यायचे, बहिणीकडे शिजवून जेवायचं, येताना घरासाठी भाजी आणायची. आणि दारात आली की नाकसाहेब पेपर खाली घेऊन म्हणायचे, "वास येतोय." ती आत न येता मोरीत जायची, लिंबाच्या सालींनी हात घासायची, कपडे बदलायची. पिशवी कायम बाहेर, गॅलरीतल्या खिळ्याला. एवढं करूनही रात्री कधीकधी ते कूस बदलून म्हणायचे की अजून येतोय गं जरासा. ती उठून पुन्हा हात धुऊन यायची. नळाचा तो आवाज त्यांना आता, गॅलरीत उभं राहून पिशवी खिळ्यावरून काढताना, उगाचच ऐकू आला. निळ्या पट्ट्यांची पिशवी, एक बंद तुटला म्हणून जुन्या पडद्याचा लावलेला. ती गेल्यापासून कुणी तिला हात लावला नव्हता.

बाजाराचं छप्पर उंच लोखंडी कमानींचं होतं, मधेमधे काचा, आणि त्या काचांतून येणारा उजेड खाली ओल्या फरशीवर पडून पुन्हा वर उडत होता. दारातच त्यांचे पाय अडखळले. हयातभराची सवय, श्वास आपोआप आखडला. मग त्यांनी मुद्दाम, पाण्यात उडी मारतात तसा, छातीभर श्वास आत घेतला. गार हवा आत आली, बाहेर गेली. हवाच. पुन्हा घेतला. दगडी ओट्यांवर चपटे रुपेरी मासे एकावर एक रचलेले, लाल डोळ्यांचे जाडजूड मासे, कोळंबीचे राखी ढीग, दोरीनं बांधलेले खेकडे अजून पाय हलवत असलेले, बर्फाचा चुरा, सुऱ्या, खवल्यांचा सडा. बायका ओरडत होत्या, गिऱ्हाइकं घासाघीस करत होती, गटारातून गुलाबी पाणी वाहत होतं. सगळं होतं, आणि वास नव्हता. एका गिऱ्हाइकानं तोंडाला रुमाल लावलेला पाहून नाकसाहेबांना त्याचा चक्क हेवा वाटला. ते एकेका ओट्यापाशी वाकत, हुंगत, कोपराच्या खोबणीत नाक घालून पुन्हा हुंगत पुढे चालले, आणि लोक बघायला लागले. एक बाई म्हणाली, आजोबा, ताजं आहे सगळं, एवढं काय बघता. त्यांना काय सांगणार. पाय दुखायला लागले होते. घर गेलं, असं त्यांना स्वच्छ कळलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं दुःख व्हायच्या आधी त्यांना कुठंतरी बसावंसं वाटलं.

कोपऱ्यातल्या ओट्याशेजारी एक पालथं खोकं होतं. त्यावर गोणपाटाची घडी घातलेली. ते बसणार तोच ओट्यामागच्या म्हाताऱ्या मासेवालीनं सुरी थांबवली. ती त्यांच्याकडे नाही, त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

"ही पिशवी ताईंची," ती म्हणाली. "हा बंद त्यांना इथं बसून शिवताना मी पाहिलंय. तुम्ही त्यांचे कोण?"

नाकसाहेबांनी सांगितलं. आणि मग तेही सांगावं लागलं, की ताई गेल्या, मागच्या वर्षी. मासेवालीनं हात पाण्यात बुडवून पुसले, ओट्याला वळसा घालून बाहेर आली आणि त्यांना खांद्याला धरून त्या खोक्यावर बसवलं. बसा, म्हणाली, ही त्यांचीच जागा. नाही आल्या तेव्हा वाटलं होतंच काहीतरी झालं असणार, पण विचारणार कुणाला. नाकसाहेब बसले. आयुष्यात ज्या ठिकाणी येणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं तिथं पत्नीची एक जागा होती, गोणपाटाची घडी घातलेली, हे डोक्यात शिरायला वेळ लागत होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं की ती कुठले मासे न्यायची. मासेवालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच काही चुकीचं ऐकलंय.

"मासे कुठं न्यायच्या? त्यांची बहीण होती मागच्या गल्लीत तोवर न्यायच्या. ती लेकाकडे परगावी निघून गेली, तेव्हापासून एक कोळंबीसुद्धा नेली नाही त्यांनी. शिजवायचं कुठं?"

बहीण परगावी गेल्याचं त्यांना माहीत होतं. तिला निरोप द्यायला ते स्टेशनवर स्वतः गेले होते, सामान उचललं होतं. पण मग रविवारच्या माशांचं काय, एवढा साधा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. लेक तेव्हा शाळेत होती. म्हणजे तेव्हापासून. ते म्हणाले, पण ती तर दर रविवारी यायची. यायच्या की, मासेवाली म्हणाली, पण मधे एक वर्ष नाही. बहीण गेल्यावर वर्षभर त्या बाजारात फिरकल्याच नव्हत्या. बाहेरच्या भाजीवाल्याकडून भाजी घ्यायच्या, बागेत जाऊन बाकावर बसायच्या आणि घरी जायच्या, त्यांनीच नंतर सांगितलं. मग एका रविवारी अचानक समोर उभ्या. मला वाटलं मासे घ्यायला आल्या असतील, मी हातात मासा उचललासुद्धा. तर त्या नको म्हणाल्या, आणि या खोक्यावर बसल्या. मी म्हटलं, ताई, घ्यायचं नाही, खायचं नाही, मग कपड्यांना वास लावून घ्यायला आलात का? तर हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

मासेवालीनं सुरी पुन्हा हातात घेतली, पण मासा कापला नाही.

"म्हणाल्या, वर्षभर इकडे पाऊल टाकलं नाही, तरी घरी दारात उभं करतात आणि वास येतोय म्हणतात. दर रविवारी हाताला लिंबू घासते. नाहीतरी येतोच म्हणतात, मग निदान येऊन तरी जाते."

तिनं हे आरोप म्हणून सांगितलं नव्हतं. ताई अशा गमतीशीर बोलायच्या, या कौतुकानं सांगितलं होतं, आणि लगेच ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला वळलीही. नाकसाहेब खोक्यावर बसून राहिले. आधी त्यांच्या मनानं वकिली सुरू केली. बागेत शेजारी कुणी बसलं असेल. भाजीवाल्याच्या गाडीला लागलेला असेल. पण वर्षभर, दर रविवारी? आणि तो वास त्यांना आला होता, हे ते शपथेवर सांगू शकत होते. उंबऱ्यात उभी असलेली ती, हातात मेथीची जुडी दिसणारी पिशवी, आणि त्यांच्या नाकात तो जड, खारट, ओला वास, अगदी स्पष्ट. त्यांनी पेपर खाली घेतला होता, डोळे बारीक केले होते, भुवया जवळ आणल्या होत्या. वास येतोय. आणि तिनं वाद घातला नव्हता. कशी घालणार? अख्खा कारखाना ज्या नाकाचा शब्द मानायचा त्याला घरातली बाई काय सांगणार की मी बागेत बसले होते. तिनं एकदा सांगून पाहिलं होतं का? त्यांना आठवेना. आठवला तो फक्त नळाचा आवाज. त्या सगळ्या उमेदवारांचे चेहरे एकेक करून त्यांच्या समोरून गेले, डोळे मिटलेले, भुवया जवळ आलेल्या, चहा पिऊन घरी गेलेले. कोरी पट्टी. त्यांच्या हातात ती वर्षभर कुणीतरी दर रविवारी ठेवत होतं आणि ते दर रविवारी नापास होत होते. या वयात शरमेनं कान तापतात हेही त्यांना आजच कळलं. आणि मग त्याहून वाईट गोष्ट सुचली. साबणाचे सगळे वास त्यांना आजही एकामागून एक आठवत होते, चंदनाचा, वाळ्याचा, बाळांच्या साबणाचा, बंद पडलेल्या त्या हिरव्या साबणाचा. पण पत्नीच्या अंगाचा खरा वास कसा होता? ते आठवायला गेले की मासेच यायचे. जे नव्हते ते. दुसरं काही त्यांनी कधी हुंगूनच पाहिलं नव्हतं.

निघताना त्यांनी मासेवालीला विचारलं, एका माशाला हात लावू का. ती म्हणाली, लावा की. त्यांनी एका रुपेरी माशावर तळहात ठेवला. गार, गुळगुळीत, खवल्यांचा बारीक खरखरीतपणा. बराच वेळ ठेवला. मग दुसराही हात ठेवला. मासेवालीनं त्यांच्याकडून काही घेतलं नाही आणि त्यांना काही दिलंही नाही, फक्त परत या म्हणाली, जागा आहेच. घरी आल्यावर त्यांनी पिशवी गॅलरीत नेली नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे आतल्या खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडे बघत बसले.

लेक आली ती दारातच थबकली. तिनं नाक मुरडलं. अगदी बापासारखं, डोळे बारीक करून, भुवया जवळ आणून. "बाबा, कसला वास येतोय? मासळी बाजारात गेला होतात का काय?"

नाकसाहेब घाईघाईनं उठले. "खरंच येतोय?"

"येतोय म्हणजे काय, भपकारा आहे नुसता."

"नक्की ना?" त्यांनी तिच्यासमोर हात धरले. "नीट बघ. नक्की येतोय?"

लेकीनं गोंधळून हो म्हटलं, आणि हात धुऊन या म्हणाली. ते मोरीत गेले. लिंबाची साल शोधून बोटांच्या फटींतून घासत राहिले. नळ वाहत राहिला. बाहेर आले तेव्हा लेक हसत होती, पण ते हसू ओढून आणलेलं होतं. खुर्ची मधोमध ठेवलेली, हातात रुमाल. चला, ती म्हणाली, होऊन जाऊ दे. तिला ते जिंकावेत असं वाटत होतं आणि हरावेत असंही, हे त्यांना तिच्या आवाजावरून कळलं. बिचारीनं किती रात्री झोपेविना काढल्या असतील. ते बसले, तिनं रुमाल बांधला. स्वयंपाकघरात डब्याचं झाकण फटकन उघडलं. कॉफीच्याच डब्याचं झाकण तसं उघडतं. कॉफी, ते म्हणाले. मग पाटावर सुरीचा आवाज आणि गालावर उडालेला बारीक थेंब. लिंबू. मग कागदाची सळसळ, त्यांच्याच कारखान्याचा तो जाड, मेणाचा कागद, फक्त चंदनाच्या साबणाला असायचा तो. ती तर त्यांनी झोपेतही ओळखली असती. साबण, आणि कुठला ते विचार, चंदनाचा. लेक खूश झाली. त्यांनाही, खोटं कशाला बोला, आत एक उकळी फुटली. हे घर कानांनी ओळखीचं होतं आणि कान शाबूत होते. अजून एक, लेक म्हणाली, शेवटचं.

कपाटाचं दार फरशीला घासलं. मग काही आवाज नाही. त्यांच्या नाकाला, मिशीला काहीतरी मऊ टेकलं. लोकर. कडेला टाक्यांचा गोफ. पत्नीची शाल, शेवटच्या आजारपणात पायांवर असायची ती. उत्तर जिभेवर तयार होतं, तुझ्या आईची शाल, आणि त्या तीन शब्दांत घर होतं, बटणं होती, गॅलरी होती. त्यांनी शाल दोन्ही हातांनी धरली आणि श्वास घेतला. हवा आत आली. कोपराच्या खोबणीत नाक घातलं, पुन्हा शालीत घातलं. पुन्हा हवा. त्यांच्या मनात मासे यायला लागले, तोच तो जड, खारट वास, आणि त्यांनी मान हलवली.

"काही येत नाही," ते म्हणाले.

लेकीनं टाळीच वाजवली. रुमाल सोडता सोडता ती बोलत सुटली, बरोबर, बरोबर, मी मागच्याच महिन्यात गरम पाण्यात धुऊन ठेवलीय ती, काहीच वास नाही तिला, कोरी पट्टी! तुम्हीच शिकवलंय ना, नसलेला वास सांगणारा नापास. तुम्ही पास. मग ती गॅस बंद आहे का ते बघायला लागली, सर्दीचं औषध घ्या म्हणाली, पर्स उचलली. एवढं हलकं तिला त्यांनी गेल्या वर्षभरात पाहिलं नव्हतं. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. तिच्या मनातला घोर गेला होता, त्यांचं घर राहिलं होतं. नाकसाहेबांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. लिंबानं बोटांची कातडी चुरचुरत होती.

"बस जरा," ते म्हणाले. "मला वास येत नाही गं. कॉफी, लिंबू, साबण, सगळं आवाजावरून सांगितलं. येतच नाही."

लेक उभी होती तशीच खाली बसली, त्यांच्या समोर, फरशीवर. तिनं त्यांचे ओले हात हातात घेतले. रागावली नाही. फक्त विचारलं, "कधीपासून बाबा?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारामागून पिशवीचा एक बंद दिसत होता, पडद्याच्या कापडाचा.

"फार वर्षं झाली," ते म्हणाले. "तू शाळेत होतीस."